जुन्या ट्रेलरमध्ये डर्ट बाइक : करवतीआधी काटा



हल्ली मुलं मोबाईलवर काय काय बघतात! त्यात अमेरिकेतले एक प्रकारचे व्हिडिओ वरच्या वर्गातल्या मुलांना फार आवडतात. कुणीतरी एक जुना, गळका ट्रॅव्हल ट्रेलर स्वस्तात आणतो, त्याची मागची भिंत कापतो, आतलं सामान काढतो आणि त्यात डर्ट बाइक चढवून फिरायला निघतो. वीस मिनिटांत सगळं तयार! मुलं विचारतात, "सर, एवढं सोपं असतं का?"

उत्तर असं आहे की कापणं सोपं असतं, पण वजनाचा हिशोब सोडून कापलं तर तोच ट्रेलर रस्त्यावर जीवघेणा ठरतो. तो हिशोब आपल्या गुणाकार-भागाकारात आणि 'साधी यंत्रे' या पाठात बसणारा आहे. म्हणून आज हा विषय घेऊ.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय?

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. पुढच्या बाजूला एक लोखंडी दांडी असते, ती मोठ्या गाडीच्या मागच्या हुकाला जोडायची आणि ओढत न्यायचं. आत झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, संडास असं सगळं असतं.

डर्ट बाइक म्हणजे माती, वाळू आणि डोंगरवाटांवर चालवायची मोटारसायकल. बहुतेक डर्ट बाइकना सार्वजनिक रस्त्यावर चालवायची परवानगी नसते. त्यामुळे त्या लादूनच न्याव्या लागतात. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्या 60 किलोमीटरहून जास्त लांब पसरल्या आहेत. युटा राज्यातलं मोआब हे गावही अशा वाटांसाठी प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी लोक कुटुंबासह दोन-तीन दिवस मुक्कामाला जातात. राहायला घर हवं आणि बाइकही सोबत हव्यात. दोन्हीची सोय असलेले तयार ट्रेलर मिळतात, त्यांना 'टॉय हॉलर' म्हणतात. ते महाग पडतात, म्हणून काही जण जुन्या ट्रेलरलाच तसं रूप देतात.

पहिलं काम : काटा

अमेरिकेतल्या ट्रेलरवर एक पत्र्याची पाटी किंवा स्टिकर असतो. त्यावर जी.व्ही.डब्ल्यू.आर. नावाचा आकडा असतो. म्हणजे ट्रेलर आणि त्यातलं सगळं सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. तिकडे तो पौंडात लिहितात.

समजा पाटीवर 5000 पौंड लिहिलंय. 1 पौंड म्हणजे साधारण 0.4536 किलो. म्हणजे मर्यादा झाली 2268 किलो.

आता ट्रेलर वजनकाट्यावर न्यायचा. कागदावरच्या वजनावर विसंबून चालत नाही, कारण जुन्या ट्रेलरमध्ये आधीच्या मालकांनी काय काय बसवलेलं असतं. शिवाय भिंतीत मुरलेलं पाणीही वजन वाढवतं. समजा मागची कपाटं आणि पलंग काढून, नवी फळी आणि नवं दार बसवून ट्रेलर 1800 किलो भरला. म्हणजे सामानासाठी उरले 468 किलो.

मोठ्या माणसाची डर्ट बाइक साधारण 100 ते 120 किलोची असते. आपण 110 धरू. दोन बाइक म्हणजे 220 किलो. पाणी 1 लिटरला 1 किलो. पेट्रोल थोडं हलकं, 1 लिटरला साधारण पाऊण किलो. हत्यारं, कपडे, खाणंपिणं वेगळंच. बघता बघता 468 किलो संपतात.

खरी गोम : उलार गाडी

एकूण वजन मर्यादेत आहे म्हणजे झालं का? नाही. ते वजन कुठे ठेवलंय हे तितकंच महत्त्वाचं.

आपल्याकडे बैलगाडीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मागे जास्त ओझं झालं की गाडी 'उलार' होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून आसाच्या पुढे थोडं जास्त ओझं राहील अशा बेताने गाडी भरतात. ट्रेलरचं गणित अगदी हेच आहे. फरक एवढाच की तो ताशी 90-100 किलोमीटर वेगाने धावत असतो.

अमेरिकेत सर्वसाधारण नियम असा सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांडीवर यायला हवा. तो कमी झाला की ट्रेलर मागच्या मागे डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. झोके वाढत गेले की ओढणारी गाडीसुद्धा फिरवली जाते आणि दोन्ही उलटू शकतात.

आता बाइक कुठून चढवणार? मागून. आणि उभ्या कुठे करणार? मागेच. म्हणजे जुन्या ट्रेलरमध्ये बाइक घालणं म्हणजे तो उलार करण्याचीच तयारी. हे आकड्यांत बघू या.

बाइक नसताना ट्रेलर 1800 किलो आणि दांडीवरचा भार 216 किलो, म्हणजे 12 टक्के. उत्तम. दांडीचं टोक आसापासून 4.5 मीटर पुढे आहे. दोन बाइक, म्हणजे 220 किलो, आसाच्या 1.8 मीटर मागे ठेवल्या. तर दांडीवरचा भार किती कमी होईल?

220 × 1.8 ÷ 4.5 = 88 किलो

उरला 216 − 88 = 128 किलो. एकूण वजन झालं 2020 किलो. 128 म्हणजे त्याच्या साधारण 6.3 टक्के. नियमापेक्षा पुष्कळ कमी! एकूण वजन 2268 च्या आत असूनही हा ट्रेलर महामार्गावर न्यायच्या लायकीचा नाही.

मग करायचं काय? बाइक पुढे सरकवायच्या. त्या आसाच्या फक्त 0.9 मीटर मागे ठेवल्या तर भार 44 किलोनेच कमी होतो. दांडीवर राहतात 172 किलो, म्हणजे 8.5 टक्के. अजून कमीच. आता पाण्याची टाकी आणि हत्यारांची पेटी मिळून 100 किलो आसाच्या 2.25 मीटर पुढे बसवली, तर दांडीवर 50 किलो वाढतात. 222 किलो, एकूण 2120 किलो, म्हणजे साधारण 10.5 टक्के. आता जमलं. पण टाकी रिकामी झाल्यावर काय? परतीच्या प्रवासासाठी हिशोब पुन्हा करावा लागतो. म्हणून दांडीवर 12-13 टक्के येतील अशी मांडणी करणं जास्त शहाणपणाचं.

एक गोष्ट लक्षात आली का? बाइक कुठे उभ्या राहणार हे आधी ठरतं, त्यावरून कोणतं कपाट काढायचं ते ठरतं. म्हणून करवतीआधी काटा.

दुसरं काम : करवत

बरेच जुने ट्रेलर बारीक लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बनवलेले असतात. वर्षानुवर्षं छताच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. बाहेरून पत्रा चकचकीत, आत भुसा! म्हणून कोपऱ्यांत टोचणी घालून लाकूड तपासतात. कुजकं लाकूड बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मागची भिंत नुसता आडोसा नसते. दोन्ही बाजूच्या भिंती तिरक्या होऊ नयेत म्हणून ती त्यांना धरून ठेवते. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापा आणि खोकं दाबून बघा, लगेच कळेल. त्यामुळे तिथे दार करायचं तर आधी लोखंडी चौकट बसवून ती खालच्या सांगाड्याला पक्की जोडावी लागते.

जमीनसुद्धा माणसांच्या वावरासाठी केलेली असते. बाइकचं वजन दोन चाकांच्या छोट्याशा जागेवर येतं. म्हणून खाली लोखंडी आडवे पाट वाढवून वर साधारण 18-19 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड घालतात.

चढवायला उतरती फळी लागते. जमीन 60 सेंटिमीटर उंच आणि फळी 1.8 मीटर असेल तर 110 किलोच्या बाइकला (घर्षण सोडून) साधारण 37 किलोचा जोर लागतो. फळी 2.4 मीटर केली की 27.5 किलो. उतरणीचा पाठ शिकवायला याहून चांगलं उदाहरण कोणतं?

बांधणं

बाइक बांधायची लोखंडी कडी नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवली तर जोरात ब्रेक लागताच उपटून येईल. ती खालच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने जोडायची. पुढचं चाक खोबणीत अडकवायचं, पट्ट्यांनी बाइक पुढे-खाली ओढून घट्ट करायची आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा तपासायचे.

जिथे झोपायचं तिथेच पेट्रोल?

पालकांनी हा भाग नीट वाचावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि दिसत नाही. ट्रेलरमधल्या पुष्कळ जुन्या फ्रिजमध्ये आणि पाणी तापवायच्या यंत्रात गॅसची छोटी ज्योत जळत असते. वाफ आणि ज्योत एकत्र आली की आग लागलीच.

म्हणून बाइकची जागा आणि झोपायची जागा यांत फटी नसलेली भिंत हवी. बाइकच्या भागाला जमिनीलगत बाहेर उघडणाऱ्या झडपा हव्यात. प्रवासात बाइकचा पेट्रोलचा कॉक बंद, गॅसची ज्योत बंद. मुक्कामी पोचल्यावर बाइक आधी बाहेर, मग अंथरूण. आत इंजिन कधीच सुरू करायचं नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. त्यासाठी आणि गॅसगळतीसाठी आत धोक्याची घंटा लावतात.

टायर आणि ब्रेक

उन्हात वर्षानुवर्षं उभ्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून संपलेले असू शकतात. टायरवर चार अंकी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. मुलांना घरच्या दुचाकीच्या टायरवर हे शोधायला सांगा, फार मजा येते. ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी कळ, दोन्ही चालू असल्याशिवाय निघायचं नाही.

वर्गात करून बघा

एक साधारण 80 सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या. एका टोकापासून 40 सेंटिमीटरवर खाली पेन्सिल चिकटवा, ती झाली आस. पेन्सिलीखाली पुस्तकं रचा आणि पट्टीचं पुढचं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवा. काटा शून्यावर आणा.

1. आसाच्या पुढे 20 सेंटिमीटरवर 300 ग्रॅम वाळूची पिशवी ठेवा. काटा साधारण 150 दाखवेल.
2. आता 200 ग्रॅमची पिशवी, म्हणजे आपली बाइक, आसाच्या मागे 10 सेंटिमीटरवर ठेवा. काटा 100 वर येईल.
3. तीच मागे 20 वर सरकवा. आता 50.
4. मागे 30 वर न्या. काटा शून्य! वजन तेवढंच, जागा बदलली आणि गाडी उलार व्हायला आली.

मग मुलांना विचारा :

- पिशवी न काढता काटा पुन्हा 100 वर कसा आणाल?
- उसाची ट्रॉली जास्त भरली की ट्रॅक्टरची पुढची चाकं कधीकधी का उचलली जातात?
- दप्तर पाठीला चिकटलेलं बरं की मागे लोंबतं? का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी दिलं की समजा, पाठ पोचला. आणि पुढच्या वेळी असा व्हिडिओ लागला की मुलांना एकच प्रश्न शोधायला सांगा : भिंत कापायच्या आधी या माणसाने ट्रेलर काट्यावर नेला का?