पॅन-आधार दिलं, पुढे काय?

क्रिप्टो एक्स्चेंजवर खातं उघडताना पॅन, आधार आणि सेल्फी मागितली की अनेकांना तो कंपनीचा आगाऊपणा वाटतो. तसं नाही. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं भारतातले क्रिप्टो व्यवहार मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. ग्राहकाची ओळख पटवणं, नोंदी पाच वर्षं जपणं आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवणं एक्स्चेंजना बंधनकारक झालं. कळवल्याचं ग्राहकाला सांगायचीही मुभा नाही. या कायद्यातली कर्तव्यं न पाळल्याबद्दल बायनान्स या एक्स्चेंजला जून २०२४ मध्ये १८.८२ कोटी रुपये दंड झाला.

खरी गोम साठवणुकीत आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉइनबेस या एक्स्चेंजनं जाहीर केलं, की परदेशातल्या ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन चोरट्यांनी ग्राहकांची माहिती पळवली. सुमारे ६९ हजार ग्राहक त्यात सापडले. नावं, पत्ते आणि ओळखपत्रांची छायाचित्रंसुद्धा गेली. कुलूप फोडावंच लागलं नाही, माणसं फुटली! म्हणून कंपनीत ही माहिती किती जणांना दिसते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मदतकक्षातल्या माणसाला आधारचे शेवटचे चार आकडे पुरतात, अख्खं कार्ड कशाला?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. मात्र दुसऱ्या कायद्यानं जपायला लावलेल्या नोंदी त्यातून सुटतात. तेव्हा खातं बंद केलं, तरी तुमचा पॅन तिथे काही वर्षं राहणारच.