एका ‘जाण्या’च्या 2592 तऱ्हा

कोरियन शब्दकोशात ‘जाणे’ हे क्रियापद एकाच रूपात दिलेलं असतं: ‘गादा’. त्यातला ‘दा’ काढला की उरतो ‘गा’, एका अक्षराचा धातू. पुढे काय जोडायचं याचे निर्णय तिथून सुरू होतात आणि ते ठरलेल्या क्रमानेच घ्यावे लागतात.

पहिला निर्णय आदराचा. जाणारी व्यक्ती मानाची असेल तर ‘शि’ लावायचा, नाहीतर काही नाही. पर्याय दोन. मग काळ: साधा, होऊन गेलेला, किंवा होऊन गेल्यावर परिस्थिती बदललेलीसुद्धा असा दुहेरी भूतकाळ. पर्याय तीन. त्यानंतर ‘गेस्स’, म्हणजे अंदाज किंवा निश्चय. तो हवा किंवा नको, पर्याय पुन्हा दोन. दोन गुणिले तीन गुणिले दोन, बारा झाले, आणि वाक्य अजून संपलेलंच नाही.

ते संपवणाऱ्या प्रत्ययात ऐकणाऱ्याशी आपलं नातं सांगावं लागतं. कोरियन व्याकरणात आज याच्या सहा पातळ्या मानतात. गान्दा, गाने, गाओ, गाम्निदा, गा, गायो. सहाही रूपांचा अर्थ ‘जातो’. ‘जाते’, ‘जातात’, ‘जातोस’ हेही त्यातच आलं, कारण पुरुष, लिंग, वचन यांचं कोरियन क्रियापदाला काहीच पडलेलं नाही. आपल्या गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या या भेदांना तिथे जागा नाही.

बारा गुणिले सहा, बहात्तर. त्यात विधान आणि प्रश्न असे दोन प्रकार धरले की 144. सहापैकी तीन पातळ्यांत विधान आणि प्रश्न लिहायला सारखेच असतात, नुसता आवाज चढवला की प्रश्न होतो. पण बोलणाऱ्याला निवड करावीच लागते, म्हणून मी दोन्ही मोजले. आज्ञा आणि ‘चला, जाऊ या’ असा प्रस्ताव या हिशोबात घेतलेले नाहीत, कारण त्यांना काळाचे प्रत्यय लागत नाहीत.

यापुढचा टप्पा मराठी माणसाला फार आवडेल. कोरियनमध्ये मुख्य क्रियापदाला दुसरं साहाय्यक क्रियापद येऊन चिकटतं. ‘हे ब्वा’ म्हणजे ‘करून बघ’, आणि त्यातला ‘ब्वा’ खरोखरच ‘बघणे’ या क्रियापदाचा. ‘हे ज्वॉ’ म्हणजे ‘करून दे’, तिथेही ‘देणे’च. ‘मॉगॉ बॉर्यॉस्सॉ’ म्हणजे ‘खाऊन टाकलं’. ‘बॉरिदा’चा स्वतंत्र अर्थ टाकून देणे. ‘करून ठेव’ला ठेवण्याचं क्रियापद येतं आणि ‘करत असणे’ला असण्याचं. इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला ही रचना पानभर समजावून द्यावी लागते. मराठी विद्यार्थ्याच्या ती तोंडात बसलेलीच असते. क्रियापद वाक्याच्या शेवटी, शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे, हेही त्याला घरचंच. पुण्याजवळ रांजणगाव-तळेगाव भागात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथल्या कामासाठी भाषा शिकू पाहणाऱ्यांनी या जमेच्या बाजूवर भरवसा ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

तर ही पाच साहाय्यक क्रियापदं आणि साहाय्यक नसलेलं रूप, असे सहा पर्याय. 144 गुणिले सहा, 864. आता नकार. कोरियनमध्ये ‘जात नाही’ला ‘आन’ आणि ‘जाऊ शकत नाही’ला ‘मोत’, असे दोन छोटे शब्द क्रियापदाआधी येतात. होकार धरून तीन पर्याय. 864 त्रिक 2592.

एवढं एकाच क्रियापदाचं. अशी हजार क्रियापदं घेतली की 25,92,000 तऱ्हा होतात. सेकंदाला एक या वेगाने, जेवणखाण आणि झोप सोडून म्हणत बसलं, तर बरोबर 30 दिवस लागतात. हा कागदावरचा गुणाकार आहे. यातल्या काही तऱ्हा व्याकरणात बसतात, पण सहसा कुणी बोलत नाही. उलट ‘गासॉ’ (जाऊन), ‘गाजामाजा’ (गेल्यागेल्या), ‘गार्यॉगो’ (जायला म्हणून) अशी वाक्यं जोडणारी डझनावारी रूपं मी धरलेलीच नाहीत.

मात्र हा सगळा डोंगर किती तुकड्यांचा आहे तेही मोजून पाहावं. आदराचा एक, भूतकाळाचे दोन, अंदाजाचा एक, वाक्य संपवणारे नऊ, साहाय्यक पाच, नकाराचे दोन. एकूण वीस. या भाषेच्या लिपीतही हेच चालतं. राजा सेजोंगने 1446 साली जाहीर केलेल्या हांगुलची आज मूळ अक्षरं 24. त्यांच्या जोडण्यांतून संगणकाच्या युनिकोडमध्ये 11,172 अक्षरगट बसवलेले आहेत: आरंभीची 19 व्यंजनं, 21 स्वर आणि शेवटाचे 28 पर्याय यांचा गुणाकार.

क्रियापदांतले अपवादही वर्गवार नीट लावलेले आहेत. त्यात एक वर्ग असा आहे की त्यात एकच क्रियापद राहतं: ‘फुदा’, म्हणजे भांड्यातून भात काढणे, पाणी उपसणे. त्याचं ‘फॉ’ होतं, आणि व्याकरणाने त्या एकट्यासाठी वेगळं नाव राखून ठेवलं आहे.

खरी कसोटी लागते ती दोन आदरांची. ज्याच्याबद्दल बोलतो त्याचा मान ‘शि’मध्ये, ज्याच्याशी बोलतो त्याचा मान शेवटच्या प्रत्ययात, आणि दोन्ही एकमेकांपासून सुटे. आजी गेल्या का, हे धाकट्या भावाला विचारायचं तर ‘हाल्मॉनी गाश्यॉस्सॉ?’ आजींना मान, भावाशी सलगी. तेच शेजारच्या काकूंना विचारताना शेवटी ‘यो’ लागतो. आजी एव्हाना गेल्या असतील, असं कार्यालयात वरिष्ठांना सांगायचं तर ‘गाश्यॉत्केस्सुम्निदा’. आदर, भूतकाळ, अंदाज, औपचारिकता, चारही एका श्वासात. मराठीत आपण ‘आजी गेल्या’ म्हणून पहिला मान देतो, पण ऐकणारा कोण आहे हे त्या ‘गेल्या’वरून कळत नाही.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना मात्र या सहा पातळ्या गळून पडतात. मूळ वाक्य साहेबांसमोर अदबीने उच्चारलेलं असो की मित्राशी मोकळेपणाने, सांगताना दोन्हीचं ‘गान्दे’ होतं, आपल्या ‘जातोय म्हणे’सारखं. आजी जाणार असल्या तर ‘गाशिन्दे’, म्हणजे त्यांचा ‘शि’ कायम राहतो. पण ही बातमी ज्याला सांगायची त्याच्यासाठी पातळी नव्याने निवडावी लागते: मैत्रिणीला ‘गाशिन्दे’ पुरतं, शिक्षकांना ‘गाशिन्देयो’.