तरुण मतदारांचे प्रसारमाध्यमांतील चित्रण (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील तरुण मतदारांचा मतदानातील सहभाग आणि त्यांची पक्षनिष्ठा हा प्रत्येक निवडणुकीतील वार्तांकनाचा नेहमीचा विषय आहे. निवडणूक आयोगाच्या आकडेवारीत १८ ते १९ आणि २० ते २९ असे वयोगट केले जातात. प्रसारमाध्यमांत या दोन्ही गटांना मिळून सामान्यतः 'तरुण मतदार' किंवा 'युवा मतदार' म्हटले जाते. या मतदारांचे चित्रण प्रामुख्याने दोन प्रकारे होते: मतदानाविषयी उदासीन असलेला वर्ग, अथवा निकाल फिरवणारा निर्णायक वर्ग. दोन्ही चित्रणांना आधार म्हणून दिले जाणारे आकडे अनेकदा मतदार नोंदणीचे किंवा सर्वेक्षणांचे असतात, प्रत्यक्ष मतदानाचे नसतात. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा विधानसभा मतदारसंघ आणि त्यातील केम या गावाच्या उदाहरणावरून हा फरक समजून घेता येतो.

पार्श्वभूमी

भारतात मतदानाचे किमान वय सुरुवातीला २१ वर्षे होते. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ मध्ये बदल करून ते १८ वर्षे करण्यात आले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत १८ ते २० वर्षे वयाच्या नागरिकांनी प्रथमच मतदान केले. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली. २०११ पासून हा दिवस राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी नवमतदारांना ओळखपत्रे दिली जातात.

पूर्वी मतदार यादीत नाव येण्यासाठी १ जानेवारी ही वर्षातील एकच अर्हता तारीख होती. २०२१ च्या निवडणूक कायदे सुधारणा अधिनियमानंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा ठरवण्यात आल्या. १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करण्याचीही मुभा आहे.

मतदानाची आकडेवारी

मतदान गुप्त असल्याने कोणत्या वयाच्या मतदाराने कोणाला मत दिले, हे मतमोजणीतून कळत नाही. मतदान केले किंवा नाही, याची नोंद मतदान केंद्रावर होते. परंतु आयोग नियमितपणे प्रसिद्ध करतो ती टक्केवारी मतदारसंघनिहाय व लिंगनिहाय असते, वयोगटनिहाय नसते. त्यामुळे 'तरुणांनी पाठ फिरवली' किंवा 'तरुणांनी विक्रमी मतदान केले' अशा मतदानाच्या दिवशीच्या बातम्या बहुधा केंद्रांबाहेरील रांगा, छायाचित्रे आणि मोजक्या प्रतिक्रिया यांवर आधारलेल्या असतात.

नोंदणीचे आकडे मात्र वयानुसार उपलब्ध असतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशभरातील मतदार याद्यांत १८ ते १९ वयोगटातील सुमारे १.८ कोटी आणि २० ते २९ वयोगटातील १९ कोटींहून अधिक मतदार होते. १८ ते १९ वयोगटातील नोंदणी त्या वयाच्या अंदाजित लोकसंख्येच्या ४० टक्क्यांहून कमी असल्याचे वृत्तही त्या वेळी प्रसिद्ध झाले. २०२१ ची जनगणना न झाल्यामुळे ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून काढलेल्या अंदाजांतून घ्यावी लागते.

नोंदणी आणि मतदान यांची गल्लत केल्यास निष्कर्ष उलटू शकतो. समजा, एखाद्या गावात १८ ते १९ वयाचे १०० तरुण आहेत, त्यांपैकी ४० जणांची नोंदणी झाली आहे आणि ३० जणांनी मतदान केले. यादीच्या आधारे त्यांचे मतदान ७५ टक्के, तर लोकसंख्येच्या आधारे ३० टक्के ठरते. पहिला आकडा घेतल्यास हा वर्ग उत्साही दिसतो आणि दुसरा घेतल्यास उदासीन.

स्थलांतर आणि केम

केम हे करमाळा तालुक्यातील गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून दौंड-सोलापूर लोहमार्गावर जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान आहे. लोकसभेसाठी हे गाव माढा मतदारसंघात येते. या भागातील अनेक तरुण शिक्षण व नोकरीसाठी पुणे परिसरात राहतात.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार मतदाराचे नाव त्याच्या सर्वसाधारण निवासाच्या एकाच ठिकाणी नोंदवता येते. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी गावाकडील किंवा शिक्षणाच्या ठिकाणच्या यादीत नाव ठेवू शकतो, मात्र दोन्हीकडे नाही. टपाली मतदानाची सोय सैनिक, निवडणूक कर्मचारी अशा ठरावीक वर्गांनाच असते. शिक्षण किंवा नोकरीसाठी परगावी राहणे हे त्यासाठी पुरेसे कारण नाही. गावाच्या यादीत नाव असलेल्या तरुणाला मतदानासाठी प्रवास करून यावे लागते. २०२४ मध्ये माढ्यात ७ मे रोजी, मंगळवारी, तर पुण्यात १३ मे रोजी मतदान झाले. अशा वेळी गावातील केंद्रावर दिसणारी अनुपस्थिती अनास्थेमुळे आहे की रजा, भाडे आणि परीक्षेच्या वेळापत्रकामुळे, हे केंद्राच्या टक्केवारीवरून ठरवता येत नाही. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला होता. अनेक पक्षांच्या विरोधामुळे तो अमलात आला नाही.

पक्षनिष्ठेचे मोजमाप

पक्षनिष्ठा ही संकल्पना प्रामुख्याने अमेरिकी राज्यशास्त्रातून आली. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अमेरिकन व्होटर' या ग्रंथात कुटुंबातून लहानपणी रुजणारी आणि पुढे टिकणारी पक्षाशी ओळख, असा विचार मांडला होता. पक्ष स्थिर आणि उमेदवार बदलते, हे त्यामागील गृहीतक आहे.

करमाळ्यात याच्या उलट परिस्थिती आढळते. तालुक्याचे राजकारण बागल, जगताप, पाटील, शिंदे अशा गटांच्या नावाने ओळखले जाते आणि आदिनाथ व मकाई या सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुकांशी ते जोडलेले आहे. नारायण पाटील यांनी २०१४ ची विधानसभा निवडणूक शिवसेनेच्या, २०१९ ची अपक्ष म्हणून आणि २०२४ ची राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाच्या वतीने लढवली. रश्मी बागल २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या आणि २०१९ मध्ये शिवसेनेच्या उमेदवार होत्या. संजयमामा शिंदे २०१९ मध्ये माढा लोकसभेसाठी राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार होते आणि त्याच वर्षी करमाळ्यातून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले.

२०१४ मध्ये पहिले मत दिलेल्या केममधील मतदाराने तिन्ही वेळा नारायण पाटील यांनाच मत दिले असेल, तर पक्षाच्या हिशेबात त्याने दर वेळी निष्ठा बदलली. याउलट धनुष्यबाण या चिन्हावरच मत देत राहिलेल्या मतदाराने २०१४ मध्ये नारायण पाटील, २०१९ मध्ये रश्मी बागल आणि २०२४ मध्ये दिग्विजय बागल अशा तीन उमेदवारांना मत दिले. 'तरुणांची पक्षनिष्ठा क्षीण झाली' हे वार्तांकनातील विधान अशा मतदारसंघात नेत्यांच्या पक्षांतराचा परिणाम मतदाराच्या नावावर मांडण्याचा धोका पत्करते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडल्यानंतर हा प्रश्न राज्यभर व्यापक झाला.

ग्रामपंचायत निवडणुकांतही अशीच अडचण येते. या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. गावातील आघाड्या व पॅनेल त्या लढवतात. तरीही निकालानंतर पक्ष आपापल्या ग्रामपंचायतींच्या संख्येचा दावा करतात आणि माध्यमे पक्षनिहाय तक्ते प्रसिद्ध करतात. डिसेंबर २०२२ मध्ये ७,७५१ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हाही असे तक्ते दिसले. गावातील नवमतदाराने भावकीच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर दिलेले मत अशा तक्त्यात एखाद्या पक्षाच्या खाती जमा होते.

महाविद्यालयीन निवडणुकांचा अभाव हाही या चर्चेतील एक मुद्दा आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा करण्यात आली. मात्र २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या.

सर्वेक्षणे

वयानुसार मतदानाची माहिती मुख्यतः सर्वेक्षणांतून मिळते. दिल्लीतील विकासशील समाज अध्ययन पीठाचा (सीएसडीएस) 'लोकनीती' हा उपक्रम राष्ट्रीय निवडणूक अभ्यास करतो. त्याच्या निष्कर्षांनुसार तरुणांचे मतदान पूर्वी सरासरीइतके किंवा त्याहून थोडे कमी असे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र ते सरासरीपेक्षा अधिक झाले आणि भारतीय जनता पक्षाला तरुणांचा पाठिंबा इतर वयोगटांपेक्षा जास्त मिळाला.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नमुना मतदार यादीतून निवडल्यास नोंदणी न झालेले तरुण त्यात येत नाहीत. मतदान न केलेले काही जण केल्याचे सांगतात. शिवाय राष्ट्रीय नमुन्यातून एका विधानसभा मतदारसंघातील तरुणांविषयी निष्कर्ष काढण्याइतकी उत्तरे मिळत नाहीत. मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष शेवटच्या टप्प्यातील मतदान संपल्यानंतर अर्धा तास उलटेपर्यंत प्रसिद्ध करण्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६(अ) नुसार मनाई आहे.

ब्रिटनमधील २०१७ ची निवडणूक हे या विषयातील बहुचर्चित उदाहरण आहे. तरुणांच्या मतदानात मोठी वाढ झाल्याचे वृत्त सर्वत्र पसरले आणि ऑक्सफर्ड शब्दकोशाने 'यूथक्वेक' हा त्या वर्षीचा शब्द म्हणून निवडला. जानेवारी २०१८ मध्ये 'ब्रिटिश इलेक्शन स्टडी'च्या संशोधकांनी अशा मोठ्या वाढीचा पुरावा आढळत नसल्याचे दाखवून दिले. तरुणांची संख्या जास्त असलेल्या मतदारसंघात मतदान वाढले, एवढ्यावरून तेथील तरुणांनीच अधिक मतदान केले असे सिद्ध होत नाही, हा त्यांच्या विवेचनातील महत्त्वाचा मुद्दा होता.

२०२४ ची विधानसभा निवडणूक

२०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभेसाठी सुमारे ६१ टक्के, तर २० नोव्हेंबर रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत सुमारे ६६ टक्के मतदान झाले. दोन्ही निवडणुकांदरम्यान मतदारसंख्येत सुमारे ४० लाखांची निव्वळ वाढ झाली. काँग्रेससह विरोधी पक्षांनी या वाढीवर आक्षेप घेतला. आयोगाने आक्षेप फेटाळताना नव्याने नोंदवलेल्यांत २६ लाखांहून अधिक मतदार १८ ते २९ या वयोगटातील असल्याचे सांगितले. एका बाजूच्या मते ही वाढ संशयास्पद, तर दुसऱ्या बाजूच्या मते नोंदणी मोहिमेचे यश होती. वार्तांकनात तरुण मतदार या वादाच्या केंद्रस्थानी राहिले, तरी त्यांतील किती जणांनी मतदान केले हे नोंदणीच्या आकड्यावरून ठरत नव्हते.

महत्त्व

करमाळ्यात २०१४ मध्ये नारायण पाटील यांचा विजय अवघ्या २५७ मतांनी झाला. करमाळा तालुक्यात शंभराहून अधिक गावे आहेत; म्हणजे गावामागे तीन मतांपेक्षाही कमी अंतर होते. २०१९ मध्ये विजयाचे अंतर सुमारे साडेपाच हजार आणि २०२४ मध्ये सुमारे १६ हजार मतांचे होते. इतक्या अटीतटीच्या मतदारसंघात यादीत नाव नसलेल्या किंवा परगावाहून येऊ न शकलेल्या तरुणांची संख्या निकालावर परिणाम करू शकते. त्यांना केवळ उदासीन म्हटल्यास नोंदणी, निवासाचा नियम आणि मतदानासाठीचा प्रवास हे सुधारता येण्याजोगे प्रश्न बातमीतून वगळले जातात.