सेफ्टी रेझरने सुखाची दाढी
सेफ्टी रेझरमध्ये दोन्ही बाजूंना धार असलेले एकच पातळ ब्लेड बसते आणि त्याची धार खालच्या पट्टीबाहेर अगदी किंचित डोकावते. किंग जिलेट यांना अशा रेझरचे अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळाले. कार्ट्रिज रेझरसारखी याची मान हलत नाही. त्यामुळे कोन हातानेच सांभाळावा लागतो, आणि खरे कौशल्य तेवढेच आहे.

दाढी अंघोळीनंतर करणे उत्तम, कारण पाणी मुरलेला केस मऊ होऊन सहज कापला जातो. ब्रशने दाट, ओलसर फेस करावा. रेझरचा माथा गालावर टेकवून मूठ आडवी धरावी आणि हळूहळू खाली आणावी. धार केसांना लागून बारीक करकर ऐकू आली की कोन जमला. साधारण तीस अंशांचा हा कोन असतो. दाब मुळीच देऊ नये, रेझरचे वजन पुरते. बहुतेक जखमा दाबामुळेच होतात.

पहिला हात केसांच्या दिशेने, आखूड फिरवावा. मानेवर केस अनेकदा तिरके किंवा भोवऱ्यासारखे वाढतात, म्हणून आधी बोटाने दिशा चाचपावी. दुसरा हात पुन्हा फेस लावून आडवा मारावा. उलटा हात नवशिक्याने टाळलेलाच बरा, विशेषतः केस कुरळे असतील तर, कारण ते त्वचेत वळून पुळ्या येतात.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. ब्लेड ओढू लागले की बदलावे. जुने ब्लेड डबीत साठवून बंद करूनच टाकावे, उघडे टाकल्यास कचरा वेचणाऱ्याचा हात कापतो.