लेथपुढचा नारळ

1991 साली मी एका बँकेत भोसरीच्या लघुउद्योगांची कर्जखाती पाहत होतो. एका शेडमालकाचे हप्ते थकले होते. तारण ठेवलेला लेथ जागेवर आहे ना, एवढं पाहून यायचं होतं. गेलो तो नेमका खंडेनवमीला!

मशीन धुऊनपुसून लख्ख. चकवर झेंडूचा हार, पुढ्यात व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने ओळीनं मांडलेले. ‘बँकेकडे तारण’ या पाटीवरही कुंकवाचं बोट उमटलेलं. मालक म्हणाले, ‘‘साहेब, नारळ आज तुमच्या हातानं.’’ म्हातारे टर्नर मात्र माझ्या पायांकडे पाहत होते. ‘‘आधी बूट काढा, साहेब.’’

काढले. मनात मात्र हसलो. लोखंडात कसला देव?

निवृत्तीनंतर ग्रीक तत्त्वज्ञान वाचायला घेतलं, तेव्हा सतराशे वर्षांपूर्वीचं असंच एक भांडण सापडलं. प्लोटिनसचा शिष्य पॉर्फिरी यानं अनेबो या इजिप्शियन पुरोहिताला पत्रातून विचारलं होतं, की देव जर निर्विकार, तर तो माणसाच्या मंत्रतंत्रानं वश कसा होईल? उत्तर दिलं सीरियातल्या आयाम्ब्लिकसनं, तेही अबामोन या पुरोहिताच्या नावानं. (साहेबांच्या पत्राला दुसऱ्याच्या नावानं उत्तर देण्याची रीत आमच्या बँकेनं काढलेली नव्हती तर!) देव वश होत नाही, विधीनं माणूसच वर उचलला जातो, असं त्याचं म्हणणं. नुसत्या चिंतनानं देवाशी सांधा जुळत नाही, त्यासाठी कर्म करावं लागतं. आणि त्या कर्माला लागणाऱ्या दगडांत, वनस्पतींत देवांनीच आपल्या खुणा ठेवलेल्या असतात. पाचव्या शतकात अथेन्सच्या प्रोक्लसनं उदाहरणं दिली : सूर्याबरोबर उमलणारं कमळ, सूर्याचा कोंबडा. गणपतीची दूर्वा त्याला चटकन कळली असती. मूर्तीत देवतेला बोलावण्याची विद्याही त्या मंडळींकडे होती. आपली प्राणप्रतिष्ठा दुसरं काय असते?

या साऱ्याचं ग्रीक नाव ‘थिऊर्जिया’. थिऑस म्हणजे देव, एर्गोन म्हणजे काम. कामगारांच्या या नगरीत तो शब्द मला फार जवळचा वाटला. सगळं पटलं असं नाही. पॉर्फिरीची शंका आजही माझीच आहे.

पण मला ते टर्नर आठवतात. मुदतवाढीची माझी शिफारस मंजूर झाली नाही आणि पुढच्या वर्षी लेथ विकला गेला. क्रेन दाराशी उभी होती. टर्नरनी मशीनवर चार अक्षता टाकल्या, पहार घालून ते जागचं बोटभर हलवलं, उत्तरपूजेनंतर गणपती हलवतात तसं. मग क्रेनवाल्याला म्हणाले, ‘‘आता लाव साखळी.’’

त्या दिवशी बूट मी न सांगताच काढले होते.