धातूचा स्वभाव (लेखांक ९) : भरून ठेवलेलं मॅगझिन

ब्रेन गनच्या बाकदार मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावत, पण जवान भरत २७ किंवा २८. व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफलच्या २० गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये अमेरिकी सैनिक बहुधा १८ घालत. का, असं विचारलं की उत्तरात मॅगझिनमधली, गोळ्या वर ढकलणारी स्प्रिंग हमखास यायची: तिच्यावर फार ताण नको. अमेरिकेत आजही असंख्य घरांत पिस्तूल भरून कपाटात ठेवलेलं असतं. तिथे ही काळजी आणखी पुढे जाते. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेली स्प्रिंग ढिली पडेल म्हणून लोक ठरावीक दिवसांनी गोळ्या काढतात, तिला ‘विश्रांती’ देतात आणि पुन्हा भरतात.

प्रश्न हौशी वाटेल, पण तो जिवाशी निगडित आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीतले नाईक यशवंत घाडगे यांनी, सेक्शनमधले सगळे सहकारी पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर धाव घेतली. माणगाव तालुक्यातला हा तरुण. त्यांनी हातबॉम्ब टाकला, टॉमी गनने एकाला टिपलं. उरलेल्या दोघांसाठी मॅगझिन बदलायला वेळच नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्याच घावांनी मोर्चा जिंकला. मग शत्रूच्या गोळीने ते तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा क्षणी मॅगझिनमधली प्रत्येक गोळी मोलाची असते. ती भीतीपोटी कमी करायची असेल, तर भीती खरी आहे का हे तपासायलाच हवं.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने शोधला. १६७६मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८मध्ये उलगडून सांगितला: जितका ताण, तितकं बळ. पण हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो. मॅगझिनची स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार मुख्यतः पिळली जाते. मर्यादेच्या आत पोलादातले अणू एकमेकांपासून किंचित सरकतात, पण आपली जागा, आपले शेजारी सोडत नाहीत. दाब काढला की ते पूर्ववत होतात. मर्यादा ओलांडली, तर अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ती घसरण परत फिरत नाही. स्प्रिंग कायमची आखूड होते. तेव्हा पहिली बाब ही, की स्प्रिंग किती काळ दाबली यापेक्षा किती दाबली याला महत्त्व आहे.

काळाचा परिणाम अगदीच नसतो, असं नाही. सतत ताणाखाली ठेवलेला धातू हळूहळू थोडा सैलावतो. पण ही क्रिया तापमानावर अवलंबून असते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून ते घरातल्या तापमानालाही वाहतं. युरोपातल्या जुन्या चर्चच्या छपरांवरचे शिशाचे पत्रे स्वतःच्याच वजनाने खाली सरकतात. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश लागतात. आपल्या कपाटातल्या तापमानाला त्याचं सैलावणं फार थोडं, आणि त्यातलंही बहुतेक सुरुवातीलाच होऊन जातं. पुढे ते मंदावत जातं. नवी स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबल्यावर थोडी आखूड होते ती म्हणूनच. चांगले कारखानदार तर हे मुद्दाम आधीच करून घेतात: स्प्रिंग थोडी लांब वळायची, कडेपर्यंत दाबायची, आणि ती जिथे स्थिरावेल ती तिची खरी लांबी मानायची. अनेकजण जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी ठेवून घाबरतात. त्यांनी पाहिलेला फरक बहुधा पहिल्या काही दिवसांतलाच असतो.

स्प्रिंगला खरोखर थकवतं ते पुन्हा पुन्हा दबणं आणि सुटणं. जर्मन अभियंता आउगुस्ट व्योलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एकदा सहज पेलला जाणारा भार लाखो वेळा आलटून पालटून आला की आस मोडतो. मग दर महिन्याला मॅगझिन रिकामं करणारा काय साधतो? स्प्रिंगची झीज तो वाढवतोच, पण वर्षातून बारा वेळा म्हणजे अगदी नगण्य. नुकसान नाही, फायदाही नाही. पिस्तूल रोज रिकामं करून तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवणं मात्र धोक्याचं आहे. दर धक्क्याला गोळीचं टोक काडतुसात थोडं आत बसू शकतं आणि बार उडताना दाब वाढतो.

अपवाद आहेत. छोट्या पिस्तुलाच्या आखूड मॅगझिनमध्ये एखादी गोळी जास्त बसवण्यासाठी स्प्रिंग मर्यादेच्या काठावर नेलेली असते. तिथे एक गोळी कमी ठेवणं शहाणपणाचं. वाईट पाणी दिलेली स्वस्त तार आणि गंज यांनाही हा हिशेब लागू नाही.

मग ब्रेनमध्ये २८ का? तिच्या .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. काडतुसं चुकीची रचली की त्या कडा एकमेकींत अडकतात. ठासून भरलेल्या मॅगझिनमध्ये अडकणं जास्त. एम-१६मध्ये बोल्ट पुढे असताना पूर्ण भरलेलं मॅगझिन आत बसवणंच जड जातं. कारणं खरी होती, पण त्यांत स्प्रिंगचं म्हातारपण हे प्रमुख नव्हतं.

ज्यांना काळजी करायचीच आहे, त्यांनी मॅगझिनच्या तोंडाकडे पाहावं. वरची गोळी दोन दुमडलेल्या कडांखाली अडकून असते आणि स्प्रिंगचा सगळा दाब त्या कडा झेलतात. ॲल्युमिनियमच्या कडा आपटून वाकतात. प्लास्टिक तर नेहमीच्या तापमानालाही ताणाखाली सरकतं. म्हणूनच मॅगपुल कंपनीच्या प्लास्टिक मॅगझिनला एक टोपण मिळतं. ते वरची गोळी खाली दाबतं आणि कडांवरचा भार उतरवतं. आपल्याकडेही १९९९च्या कारगिल युद्धात इन्सास रायफलबद्दल ज्या तक्रारी आल्या, त्यांत एक थंडीने मॅगझिनचं प्लास्टिक तडकण्याची होती.

स्प्रिंग खरोखर कमजोर झाली, की पिस्तूल ते सांगतं: शेवटच्या गोळ्या नीट चढत नाहीत किंवा शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकून राहत नाही. असं दिसलं तर स्प्रिंग लगेच बदला. तोवर तिला दाबलेलीच राहू द्या. गंज, तडे आणि वाकलेल्या कडा मात्र नियमाने तपासत राहा.