हलव्याचे दागिने आणि आत्याबाई

माळव्यात पौषाची थंडी पडू लागली, की माझ्या बोटांच्या टोकांना अजूनही हलकीशी धग जाणवते. समोर शेगडी नसते, परात नसते, पाकाचे भांडेही नसते. तरी बोटे आपोआप गोल फिरू लागतात. ज्या घरांत संक्रांतीचा हलवा घरी होत असे, तेथील वडीलधाऱ्या बायकांना याचे कारण सांगावे लागणार नाही. इतरांसाठी थोडे विस्ताराने लिहिते.

माझे माहेर धारचे आणि सासर देवासचे. दोन्ही गावे पवारांची. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजांबरोबर पवार माळव्यात आले. एका शाखेने धारला गादी स्थापली, आणि तुकोजीराव व जिवाजीराव या भावांनी देवासात दोन गाद्या मांडल्या. त्याच पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या पाठोपाठ कारकून, पुराणिक, वैद्य अशी आपली घराणी येथे आली आणि रुजली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. दरबार संपले, हुद्दे गेले, जहागिऱ्या गेल्या. पण आपल्या पणज्या-खापरपणज्या जे कसब बोटांत घेऊन आल्या होत्या, त्याचे विलीनीकरण कोणत्याही करारात झाले नव्हते.

त्या कसबाची यादी करू गेले तर लांबेल. कापसाची गेजवस्त्रे आणि फुलवाती, चैत्रगौरीपुढची आरास, अंगणातले चैत्रांगण, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, मण्यांची तोरणे, आणि मुलीच्या लग्नातले रुखवत. त्यात माळव्याने आपली भर घातली. पितृपंधरवड्यात शेजारच्या माळवी मुली भिंतीवर शेणाने संजा मांडत, तेरड्याच्या पाकळ्यांनी ती सजवत, आणि शेवटी मोठा किलाकोट काढत. आम्ही मराठी मुली त्यांच्या संजात असू आणि पुढे नवरात्रात त्या आमच्या भोंडल्याला येत. फेर आमचे, खिरापत दोघींची.

या साऱ्यांत हलव्याचे दागिने मला सर्वांत अवघड वाटतात. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचे बोरन्हाण, एवढ्याच दोन प्रसंगी ते लागतात. काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या शुभ्र, काटेरी हलव्याचे बिंदी, नथ, हार, वाकी, बांगड्या, कंबरपट्टा असे सारे अंगभर चढते. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. बाळकृष्णाला मुकुट आणि बासरी.

आमच्या धारच्या घरी हे काम आत्याबाईंचे. आत्याबाई म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहीण. सोळाव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्याच. तांबडे अलवण, डोक्यावरून पदर, माजघरातली त्यांची खिडकीखालची जागा आणि पहाटेपासून चाललेले हात, अशाच त्या माझ्या आठवणीत आहेत. आई त्यांना वन्सं म्हणे, वडील अक्का म्हणत, आणि आम्हा मुलांपासून शिंपिणीपर्यंत बाकी सगळ्यांच्या त्या आत्याबाई.

हलव्याला त्या मार्गशीर्षातच सुरुवात करीत. साखरेत पाणी घालून उकळायचे, चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढायची, आणि एकतारी पाक स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यायचा. मग मंद निखाऱ्यांवर परात ठेवून तिच्यात तीळ, खसखस, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे किंवा टरबुजाच्या बिया टाकायच्या. जसा दागिना तसा दाणा. त्यावर चमचाभर पाक शिंपडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलके फिरवत राहायचे, ते कोरडे होईपर्यंत. कोरडे झाले की पुन्हा चमचाभर पाक. असे दिवसातून तीन-चार तास, आणि चार-पाच दिवस. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली की साखरेचा भुगा होतो आणि रंग पिवळा पडतो. आभाळ आले, हवा दमट झाली, तर परात उचलून ठेवून द्यावी हे बरे. माळव्याची कोरडी थंडी या कामाला फार मानवते. इथल्या रात्रींचे कौतुक मोगलांच्या काळापासून होत आले आहे. पण ‘शब-ए-माळवा’ हलव्यालाही उपकारक आहे, हे आत्याबाईंखेरीज कुणी बोलून दाखवल्याचे मला आठवत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याला काटा फुटू लागतो. तो डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतो. आत्याबाई डोळे मिटून परातीत हात घालीत आणि म्हणत, “आला गं. आता घाई करायची नाही.”

दागिना करणे हे आणखी निराळे. काटेरी हलवा सुईने ओवता येत नाही, तो फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ मारावी लागते. मग पुठ्ठ्याचा आकार, त्यावर सोनेरी बेगड, आणि कडेने दाण्यांची रांग. एका कंबरपट्ट्याला त्यांचे दोन-तीन दिवस जात. मी जवळ बसून दोरा कापून देई. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर त्यांनी मला बांगडी करायला दिली. ती मी तीनदा सोडली. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “गाठ दाण्याला दिसू द्यायची नाही आणि दाण्याला लागूही द्यायची नाही.”

एक गोष्ट मात्र त्या करीत नसत. मंगळसूत्र आईच करी. आत्याबाई त्याचे दाणे निवडून वाटीत काढून ठेवीत आणि वाटी पुढे सरकवून उठून जात. दागिने घालण्याच्या दिवशी, बैठकीत हळदीकुंकू चालू असताना, त्या माजघरात असत. हे असेच असते, असे आम्हाला वाटे. पाऊस पडतो, तशी ही गोष्ट.

मोठ्या कामाला नाव असते, हे मात्र आम्हाला धारमध्ये लहानपणीच ठाऊक झाले होते. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडवणारे रघुनाथराव फडके धारला येऊन राहिले होते. वडिलांनी मला त्यांच्या स्टुडिओत नेले, तेव्हा मी आत्याबाईंचाच पदर धरून चालले होते. प्रत्येक पुतळ्यापुढे वडील उभे राहून सांगत, “हे फडक्यांचं काम.” १९६१ साली फडक्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सारे गाव आनंदले, आत्याबाईंनी घरी गुळपापडीच्या वड्या केल्या. वड्या वाटताना कुणाच्याही, त्यांच्यासुद्धा, मनात आले नाही की त्यांच्या हाताखालून गेलेल्या कामापुढे उभे राहून ‘हे यांचं’ असे कुणी म्हणावे.

१९६६ च्या वैशाखात माझे लग्न झाले आणि मी इंदूर ओलांडून देवासला आले. पुढच्या जानेवारीत पहिली संक्रांत. धारहून भाऊ एसटीने पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन आला. मध्ये कापूस, वर कापूस, आणि कापसात आत्याबाईंचे एकवीस नग. एकही दाणा निखळलेला नव्हता. डब्याच्या तळाशी त्यांनी थोडा सुटा हलवा आणि दोऱ्याची गुंडी ठेवली होती, वाटेत काही तुटलेच तर म्हणून.

हळदीकुंकवाला देवासच्या चांगल्या तीस-चाळीस बायका आल्या होत्या. थोरल्या पातीकडच्या एका वृद्ध बाईंनी माझा हात हातात घेऊन वाकीचा काटा उजेडाकडे धरला आणि विचारले, “कुणी केलेत गं हे? असा हलवा मी खूप वर्षांनी पाहिला.”

सासूबाई शेजारी होत्या. सोळा-सतरा वाट्या तिळगूळ, पाटावर बसलेली मी, आणि भोवती सगळ्या सवाष्णी. मी म्हणाले, “आईनं.”

कुणी मला तसे सांग म्हटले नव्हते. सासूबाई मनाने मोठ्या होत्या. खरे सांगितले असते तर त्या बहुधा काही बोलल्याही नसत्या. पण नव्या घरात, अशा दिवशी, त्या हातांचे नाव घेणे बरे दिसणार नाही, असे मलाच वाटले. चार अक्षरी ‘आत्याबाई’ तोंडापर्यंत येऊन मागे गेली. संध्याकाळी मुलांनी दागिने मोडून खाल्ले. ती रीतच आहे. हलव्याचे दागिने पावसाळा पाहत नाहीत. त्यामुळे केलेल्या कामाचा पुरावाही मागे उरत नाही.

धारला गेल्यावर आत्याबाईंनी विचारले, “आवडले का गं त्यांना?” मी म्हटले, “फार.” त्यांनी पुढे काही विचारले नाही. १९७४ साली त्या गेल्या.

देवासात राहून पुढे एक पुस्तक हाती आले. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून येथे होता. आमच्या टेकडीच्या देवीवरूनच त्याने १९५३ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘द हिल ऑफ देवी’ हे नाव दिले. येथील राजवाड्यात पाहिलेली गोकुळाष्टमी त्याच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीत शेवटच्या भागात उतरली आहे. त्यात लाकडी ताटात मांडलेले मातीचे गोकुळ आहे. निळ्या-पांढऱ्या रंगाचे, आकार थोडे इकडचे तिकडे, पण जिवंत. आपल्या घरी अष्टमीला पाटावर मांडतात तसेच. जगभरच्या वाचकांनी ते गोकुळ वाचले असेल. मी वाचले तेव्हा एकच प्रश्न मनात आला, की असे गोकुळ मांडणारे हात कुणाचे? पुस्तकात त्याचे उत्तर नाही. पुस्तक मिटले आणि लक्षात आले, की त्या साहेबाला निदान कुणी विचारले नव्हते. मला तर विचारले होते.

आता हलव्याचे दागिने बाजारात मिळतात. फोनवर मागवले की दोन दिवसांत दारी येतात. रुखवतही भाड्याने मिळते. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि काही दागिन्यांत साखरेपेक्षा प्लास्टिकचे मणीच जास्त असतात हेही खरे. परंतु गेल्या वर्षी नातसुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी मुलाने असा एक डबा मागवला, तेव्हा त्याच्या झाकणावर करणाऱ्या बाईंचे नाव छापलेले होते, खाली गाव आणि फोनचा नंबर. त्या घरी बसून हे काम करतात आणि त्यावर घर चालवतात. ते नाव मी बराच वेळ पाहत राहिले. घरच्या कलेला बाजाराने बिघडवले, हे मी पुष्कळदा म्हटले आहे. पण जे नाव घराने दिले नाही, ते बाजाराने दिले, हेही त्या झाकणाने मला वाचायला लावले. आमच्या धार जिल्ह्यातील बागच्या छापील कापडाचे तसेच. इस्माईल सुलेमान खत्रींचे नाव आज देश जाणतो, कारण ते काम पेठेत आले. माजघरातले काम माजघरातच राहिले.

डबा आला तरी नथ आणि वाकी मी घरी करायच्या ठरवल्या. ऐंशीच्या घरातली बोटे. काटा यायला सहा दिवस लागले, आणि वाकी एका बाजूने थोडी वाकडीच झाली. नातसून जवळ बसून दोरा कापून देत होती. तिने विचारले, “आजी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

या वेळी मी खरे उत्तर दिले. सगळे सांगितले, ‘आईनं’ म्हटले होते तेही. ती काही बोलली नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी तिने तिळगुळाच्या ताटाशेजारी दोन चिठ्ठ्या ठेवल्या. एकीवर डब्यावरच्या बाईंचे नाव, दुसरीवर आत्याबाईंचे पाळण्यातले नाव आणि ‘धार’. ते नाव मला जुन्या कागदांतून शोधून काढावे लागले होते. ते मी येथे छापत नाही. आत्याबाईंना ते रुचले नसते. पण त्या दिवशी बैठकीत ते चाळीस जणींनी वाचले. त्यांत शेजारच्या दोन बायका होत्या, ज्यांना काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याही घरचे बोलावणे जात नसे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा महाराष्ट्रात त्याची मोठी वाहवा झाली. ठराव एका गावाने केला; आपल्या वाड्यांतल्या बैठकींसाठी तो ज्याचा त्याने करायचा आहे.

संक्रांत जवळ आली आहे. आपल्याकडे कुणी हलवा करीत असेल, गोधडी शिवत असेल, गेजवस्त्र वळत असेल, किंवा लग्नाचे रुखवत मांडीत असेल. माझे एवढेच सांगणे, की वस्तूशेजारी करणारीचे नाव लिहा. आणि ती माजघरात असेल तर तिला बाहेर बोलवा. अक्षर चांगले नसले तरी चालेल. विचारणारी बाई दर वेळी भेटतेच असे नाही.